वाण्याची वही आणि वाणीची वही

तुकारामांचे अभंग ज्या कागदांवर उतरले त्यांना तुकारामांनी स्वतः 'वह्या' म्हटले आहे. आपल्या आयुष्याचा वृत्तांत सांगणाऱ्या अभंगात ते जातीने शूद्र आणि व्यवसायाने वैश्य अशी आपली ओळख करून देतात. पुढे वह्या बुडवल्याचा आणि धरणे धरून बसल्याचा उल्लेख येतो. 'पोथी' हा शब्द तिथे नाही. पोथी सुट्या पानांची असते. ती दोन फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधायची, सोवळ्यात सोडायची, पाटावर ठेवून वाचायची. वही शिवलेली असते आणि तिची जागा दुकानात, गादीजवळ. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, मुद्दल किती आणि व्याज किती चढले, हे तिच्यात लिहितात. संग्रहालयाच्या यादीत दोन्ही हस्तलिखितेच ठरतात, पण सतराव्या शतकातल्या गावात पोथीला हात लावणारी माणसे वेगळी होती आणि वही हाताळणारी वेगळी.

तुकारामांच्या रूपकांचा अर्थ लावताना हा भेद हाताशी ठेवावा लागतो, कारण त्यांतली कितीतरी रूपके थेट वाण्याच्या वहीतून आलेली आहेत. भांडवल, मुद्दल, खत, ऋण, माप, पेठ, लाभ आणि हानी हे शब्द गाथेत जागोजागी भेटतात. देव कधी सावकार असतो, कधी देणे चुकवणारे कूळ. भक्त कधी दिवाळखोर असतो, कधी वसुलीला आलेला धनको. अशा ओळींचे 'आध्यात्मिक अर्थ' सांगणारी टीका पुष्कळ झाली आहे. तिचा रिवाज असा की व्यवहाराचे टरफल सोलून टाकायचे आणि आतला परमार्थ काढून दाखवायचा. तुकारामांच्या बाबतीत हा रिवाज कितपत लागू पडतो, हा प्रश्न अलंकारशास्त्राचा आहे तितकाच भक्तीचाही आहे. हस्तलिखितांकडे पाहिले की तो अधिक अवघड होतो.

तुकारामांच्या, म्हणजे देहूच्या मोरे घराण्याकडे वाण्याचे दुकान होते, सावकारी होती आणि गावची महाजनकीही होती. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात हा डोलारा कोसळला. तुकारामांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, आणि व्यापाराचे दिवाळे निघाले. चरित्रपरंपरा सांगते की त्यानंतर तुकारामांनी कुळांची खते बाहेर काढली, धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. पुढे काही वर्षांनी, वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी आक्षेप घेतल्यावर, अभंगांच्या वह्या त्याच नदीत गेल्या. एकाच माणसाचे दोन प्रकारचे कागद एकाच पाण्यात बुडाले. पहिले परत मिळावेत असे त्याला कधी वाटले नाही. दुसऱ्यांसाठी तो तेरा दिवस उपाशी बसला.

हस्तलिखितांची आजची स्थिती अशी. देहूत जपलेली एक जुनी वही खुद्द तुकारामांच्या हातची मानली जाते. तिला 'भिजकी वही' म्हणतात. दुसरी महत्त्वाची वही संताजी जगनाडे यांची. चाकणचे संताजी जातीने तेली, तुकारामांचे टाळकरी आणि लेखक. त्यांच्या घराण्यात तळेगावला राहिलेल्या वहीवरून 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' छापला. तिसरे नाव कडूसच्या गंगाराम मवाळांचे. याशिवाय पंढरपूर आणि इतर ठिकाणच्या प्रती आहेत. त्यांतल्या काहींच्या आधारे शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथा काढली. पुढे पु. मं. लाड यांच्या देखरेखीखाली सरकारनेच ती पुन्हा छापली. तिच्यातली अभंगसंख्या ४६०७ आहे. भाव्यांच्या जगनाडे-गाथ्यात अभंग तेराशेच्या आसपास भरतात. तेराशे आणि साडेचार हजार यांच्यामधली दरी हा पाठचिकित्सेचा स्वतंत्र विषय आहे, पण रूपकांच्या अभ्यासकालाही ती विसरून चालत नाही. 'तुका म्हणे' ही नाममुद्रा कोणीही लावू शकत असे. मुद्रा हेही एक नाणेच, आणि जे नाणे चालते त्याची नक्कलही होते.

हस्तलिखित वाचताना डोळ्यांना पहिली अडचण येते ती अक्षरांची. जुन्या मराठी लेखनात शब्द बहुधा एकमेकांना जोडून लिहिलेले असतात. ह्रस्वदीर्घाचा नेम नसतो. अनुस्वार कुठे असतो, कुठे गळतो. मोडीत तर वर आधी रेघ ओढून खाली हात न उचलता लिहीत जायचे असते, आणि तिथे ऱ्हस्व इकार व दीर्घ ईकार वेगळे राहत नाहीत. शब्द कुठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो, आणि कित्येकदा शब्द तोडतानाच अर्थ ठरून जातो. छापील गाथेत हा निर्णय संपादकाने आधीच घेतलेला असतो, म्हणून वाचकाला तो दिसत नाही.

काही जोड्या तर कोणतीही लिपी वेगळ्या करू शकत नाही. 'वाणी' म्हणजे दुकानदार आणि 'वाणी' म्हणजे बोलणे. दोन्हींचे अक्षर एक, उच्चारही एक. 'अर्थ' म्हणजे द्रव्य आणि 'अर्थ' म्हणजे शब्दाचा आशय. वाण्याच्या पोराने कविता करायची आणि मराठी भाषेने त्याच्या हाती हे दोन शब्द आयते ठेवायचे, हा योग मोठा मजेदार आहे. तुकारामांनी तो कुठे जाणून वापरला आणि कुठे तो आपोआप घडला, हे प्रत्येक अभंगापाशी थांबून पाहावे लागते. टीकाकार मात्र दरवेळी श्लेष शोधायला निघतो, आणि तिथेच फसतो.

दुसरी अडचण क्रमाची. कीर्तनकारांच्या हस्तलिखित वह्यांना 'बाड' म्हणतात. बाडात एका विषयाचे अभंग एकत्र येतात, मग ते कोणाचेही असोत. नामदेवांच्या अभंगाखाली तुकारामांचा, त्याखाली एखादी गवळण, मग एखादे पद. तिथे एका अभंगातल्या रूपकावर शेजारच्या अभंगाचा प्रकाश पडतो, आणि शेजारी बदलला की प्रकाशही बदलतो. छापील गाथेत हरेक अभंगाला क्रमांक मिळाला, तो एकटा पडला आणि आपल्या पायांवर उभा राहू लागला. त्याची नोंद घेणे सोपे झाले, पण त्याच्या शेजाऱ्यांनी केलेले भाष्य वाचणे बंद झाले.

रूपक म्हणजे काय याविषयी संस्कृत आलंकारिकांनी केलेली बारकाईची मांडणी इथे उपयोगी पडते. मुख आणि चंद्र यांच्यात साम्य दाखवले तर उपमा. मुख हाच चंद्र असा अभेद सांगितला तर रूपक. पण नुसत्या अभेदाने रूपक होत नाही. ज्याने मुखाला खरोखरच चंद्र समजून चकोरासारखी मान वर केली त्याचे बोलणे रूपक ठरत नाही, तो भ्रांतिमान अलंकार. मुख की चंद्र असा संशय असेल तर ससंदेह. हे मुख नव्हेच, चंद्रच आहे असा निषेध असेल तर अपह्नुति. मुखाचा उल्लेखही न करता नुसता चंद्र म्हटला तर अतिशयोक्तीचा एक प्रकार. हे अलंकार पाहिले तर वस्तू त्याच आणि साम्यही तेच. फरक आहे तो बोलणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि तो ते कसे मांडतो याचा. रूपकातला अभेद 'आहार्य' असतो, म्हणजे तो खरा नाही हे माहीत असूनही इच्छेने मांडलेला असतो. तुकारामांच्याच काळात, शाहजहानच्या आश्रयाला असलेल्या पंडितराज जगन्नाथापर्यंत ही चर्चा नव्यन्यायाच्या परिभाषेत चालू होती. जगन्नाथ आणि तुकाराम एकाच शतकात होते, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात सहसा शेजारी मांडली जात नाही.

ही व्याख्या भक्तिकाव्याला लावली की ती अडखळते. विठ्ठल माउली आहे असे तुकाराम म्हणतात. विठ्ठल ही देवता आणि माउली म्हणजे जन्म देणारी बाई हा भेद त्यांना ठाऊक होता का? होता, असे म्हटले तर हे रूपक. नव्हता, असे म्हटले तर भ्रांती, आणि वारकरी परंपरेला भ्रांत म्हणायला आलंकारिकही धजावणार नाही. तिसरी शक्यता अशी की हे विधान अक्षरशः खरे आहे आणि जन्मदात्री आई हीच विठ्ठलाची एक प्रतिमा आहे. उपमान आणि उपमेय यांची जागाच बदलली. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी, म्हणजे शब्दाचा दुय्यम अर्थ घेण्यासाठी, सांगितलेली पहिली अट म्हणजे मुख्यार्थाला बाध यायला हवा. विठू माउली आहे हे ऐकून ज्याच्या मनात कोणताच बाध येत नाही, त्याच्यापुरती लक्षणा सुरूच होत नाही. वाक्य एकच, पण शास्त्र्याला त्यात लक्षणा दिसते आणि वारकऱ्याला सरळ अर्थ. हस्तलिखिताची पाने कितीही तपासली तरी या दोघांचा निवाडा तिथे सापडत नाही, कारण बाध कागदावर उमटत नसतो. तो वाचणाऱ्याच्या श्रद्धेत असतो किंवा नसतो.

रूपकात मुखावर चंद्राचा 'आरोप' होतो असे म्हणतात. वेदान्तानेही हा आरोप शब्द वेगळ्या कामाला लावला आहे. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याची सुरुवात शंकराचार्यांनी अध्यासाच्या चर्चेने केली. एका वस्तूवर दुसरीचा आरोप म्हणजे अध्यास. काव्यातला आरोप जाणून केलेला असतो, जगातला अजाणता होतो. अद्वैताच्या दृष्टीने मग सगळे जगच एक मोठे, नकळत रचलेले रूपक ठरेल आणि ज्ञान म्हणजे त्याचा अपवाद, म्हणजे आरोप काढून घेणे. तुकारामांच्या गाथेत अद्वैताचे अभंग आहेत. त्याचबरोबर अद्वैताने आपले समाधान होत नाही, आपल्याला देवाच्या पायांची सेवाच हवी, असे निक्षून सांगणारे अभंगही आहेत. दुसऱ्या प्रकारच्या अभंगांत आरोप काढून घेण्याला नकार आहे. भेद खोटा असेल तर असो, पण प्रेमाला दोघे लागतात. या भूमिकेतून पाहिले तर रूपक हे सत्याकडे नेणारी शिडी राहत नाही, ते भक्तीला राहायचे घर होते. त्यामुळे 'रूपकाच्या पलीकडे काय आहे?' हा वेदान्ताचा प्रश्न तुकारामांना नेहमीच मानवत नाही.

गाथेतल्या काही प्रकरणांत हा पेच फार स्पष्ट दिसतो. 'पाइकीचे अभंग' हे त्यांतले एक. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. तो जिवावर उदार असतो, धन्याशी इमान राखतो, पळवाटा ओळखतो, पगाराला जागतो. परंपरेने हे अभंग शिवाजी महाराज आणि त्यांच्या शिपायांना केलेला उपदेश म्हणून सांगितले. विसाव्या शतकात राष्ट्रीय भावनेने भारलेल्या लेखकांना हा अर्थ विशेष आवडला. अभंगांत मात्र धनी म्हणजे देव आणि पाईक म्हणजे भक्त असे वाचायला काहीच अडचण नाही. तरीही इथे वाचकांनी रूपकाचे टरफल फेकले नाही, उलट तेच फळ मानले.

याच्या शेजारी 'विराण्या' ठेवून पाहाव्यात. बोलणारी स्त्री नवऱ्याला आणि घराला सोडून दुसऱ्यावर जीव लावते आणि त्याची लाजही बाळगत नाही. इथे एकाही सांप्रदायिक टीकाकाराने वाच्यार्थापाशी मुक्काम केलेला नाही. सगळे घाईघाईने सांगून मोकळे होतात की नवरा म्हणजे संसार आणि परपुरुष म्हणजे परमेश्वर. पाईक शब्दशः वाचायचा आणि विराणी रूपकानेच वाचायची, हा निर्णय अभंगांच्या शब्दांवरून होत नाही. दोन्हींची घडण सारखीच आहे. निर्णय होतो तो औचित्यावरून, म्हणजे संताच्या तोंडी काय शोभते याच्या कल्पनेवरून. पाइकाचा वाच्यार्थ शोभतो, विराणीचा शोभत नाही. वाच्यार्थ नुसता शोभत नाही म्हणून त्याला बाध आला, असे शास्त्र म्हणत नाही. टीकाकार ते शास्त्राच्या नावावर खपवतो.

एकनाथांच्या भारुडांशी तुलना केली म्हणजे तुकारामांचा वेगळेपणा ध्यानात येतो. एकनाथांचा विंचू कशाचा, हे भारुड स्वतःच उघड करते आणि त्यावरचा उताराही सांगते. कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत असतात. जोशी, महार, भुत्या, वासुदेव यांची सोंगे घेऊन एकनाथ बोलतात तेव्हा ते सोंग आहे हे ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून कळते. पैठणचा ब्राह्मण पंडित महाराच्या तोंडाने बोलतो, यातच आहार्य आरोप उघडा आहे. तुकाराम वाण्याच्या तोंडाने बोलतात तेव्हा सोंग कोणते? ते वाणीच होते. उपमान उसने आणलेले नव्हते, ते घरचे होते आणि बुडालेले होते. दिवाळखोराने आपल्या दिवाळ्याचा शब्द देवापुढे काढला तर तो अलंकार म्हणावा की निवेदन, हे ठरवणे खरोखर अवघड आहे. प्रस्तुत लेखाचा कल निवेदनाकडे आहे. या अभंगांत व्यवहार आणि परमार्थ यांच्यात वरचा-खालचा भाव लावला की कविता उणी होते.

याला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो स्वप्नाच्या अभंगात. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन तुकारामांना जागे केले आणि कविता करण्याचे काम सांगितले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, तो पुरा झाला नव्हता. उरलेली भरती तुकारामांनी करायची होती. अभंगात विठ्ठल मापापाशी आहे आणि संख्या सांगितली जात आहे. धान्य मोजताना एकजण माप टाकतो आणि दुसरा मोजणी राखतो, तसे हे दृश्य आहे. कवित्वाचा आदेश इथे मागची बाकी भागवण्याच्या रूपात येतो. चौदाव्या शतकातला शिंपी देणे ठेवून गेला आणि सतराव्या शतकातल्या वाण्याने ते फेडायचे. स्वप्न झाले होते की ही कल्पना आहे, असा प्रश्न चरित्रकार विचारतात. रूपकाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की प्रेरणेबद्दल बोलताना तुकारामांना सरस्वती आठवली नाही, माप आठवले.

शब्द हेच आमच्या घरचे धन, असे सांगणारा अभंगही याच रांगेतला. त्याची चाल पायरीपायरीने चढते. आधी शब्द हे रत्नांसारखे धन. मग त्यांचीच हत्यारे. मग त्यांवरच जीव जगतो, आणि तेच लोकांना वाटले जातात. शेवटी शब्द हाच देव, आणि त्याची पूजाही शब्दानेच. पहिल्या पायरीवर रूपक आहे यात शंका नाही, कारण ज्या घरात खरे धन उरले नाही त्या घराने हे म्हणावे यात त्या रूपकाची धार आहे. शेवटच्या पायरीवर मात्र तेच वाक्य सिद्धान्त होऊन बसते. रूपक नेमके कोणत्या ओळीत संपले हे दाखवता येत नाही. पाच-सहा ओळींत एक वाणी शब्दब्रह्मापर्यंत पोचतो आणि वाटेत कुठेही दुकान बंद केल्याची खूण सापडत नाही.

छापील गाथा ज्या काळात निघाली त्या काळाने या रूपकांना आपले वळण दिले. प्रार्थना समाज मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झाला, म्हणजे गाथेचा पहिला भाग येण्याच्या दोन वर्षे आधी. समाजाला मूर्तिपूजा मान्य नव्हती, पण तुकाराम हवे होते. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या प्रवचनांत तुकारामांचे अभंग वारंवार येत. हे जमायचे तर पंढरपूर, वीट, कटीवरचे कर हे सगळे निराकार ईश्वराची रूपके मानावी लागतात. हा अर्थ खोटा म्हणता येत नाही, कारण गाथेत निर्गुणाचे अभंग आहेतच. पण सगुणाच्या प्रत्येक ओळीला रूपक म्हणायचे आणि निर्गुणाची प्रत्येक ओळ शब्दशः घ्यायची, हा नियम गाथेतून आलेला नाही. तो वाचकाने बरोबर आणला. गंमत अशी की विटेवरच्या विठ्ठलाला खरा मानणारा वारकरी निर्गुणाच्या ओळी नाकारत नाही, त्या तो देवाच्या मोठेपणाचे वर्णन म्हणून ऐकतो. दोघेही अर्ध्या गाथेला अलंकार ठरवतात, फक्त अर्धे वेगवेगळे.

१९३३ मध्ये रा. द. रानडे यांनी मराठी संतांच्या गूढवादावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तुकारामांचे अभंग साधनेच्या टप्प्यांप्रमाणे लावून दाखवले: आधी तळमळ, मग अंधारी रात्र, मग साक्षात्कार. ख्रिस्ती गूढवाद्यांच्या अनुभवांचा पट त्यांच्यासमोर होता. मांडणी प्रभावी आहे आणि तिने पुढच्या कित्येक चरित्रांना सांगाडा पुरवला. पण वह्यांमध्ये अभंगांवर तारखा नाहीत. निराशेचा अभंग आधीचा आणि आनंदाचा नंतरचा, हे अर्थावरून ठरवायचे, आणि मग त्या क्रमावरून पुन्हा अर्थ सांगायचा, यात वर्तुळ होते. साक्षात्कारानंतरही माणसाला रिकामे वाटू शकते, ही साधी शक्यता त्या वर्तुळात बसत नाही.

वारकरी कीर्तनाची पद्धत निराळी आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथून तयार झालेल्या कीर्तनकारांच्या पिढ्यांनी ही पद्धत महाराष्ट्रभर नेली. कीर्तनाला एक अभंग घ्यायचा, त्यातला शब्द न् शब्द सोडवायचा, आणि प्रत्येक शब्दाच्या पुष्टीसाठी ज्ञानेश्वरीची ओवी किंवा दुसऱ्या संताचा अभंग काढायचा. त्या आधाराला 'प्रमाण' म्हणतात. रूपकाचा अर्थ इथे दुसऱ्या रूपकाने सांगितला जातो. तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे खटकेल, कारण प्रमाण म्हणजे ज्ञानाचे साधन आणि रूपक तर जाणूनबुजून केलेला अन्यथा आरोप. पण बाडांची रचना आठवली की ही पद्धत कुठून आली ते लक्षात येते. शेजारी लिहिलेले अभंग एकमेकांचा अर्थ सांगतात, हे कीर्तनकार शास्त्र म्हणून शिकत नाही, वहीतूनच शिकतो. लेखकाचा धंदाही या शेजारात उतरतो. संताजी जगनाडे यांच्या नावावर तेलघाण्याच्या रूपकाचे अभंग सांगितले जातात. वाण्याची कविता उतरवून घेणाऱ्या तेल्याला आपल्या घाण्यातही ब्रह्म दिसावे, हे त्या वहीच्या संगतीने झाले असले तर नवल नाही.

आता नदीचा प्रसंग. वह्या बुडाल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. शिऊरच्या बहिणाबाई तुकारामांच्या शिष्या आणि समकालीन. त्यांच्या अभंगात हे तेरा दिवस आणि पाण्यात राखलेल्या वह्या दोन्ही आहेत. महिपतींनी अठराव्या शतकात चरित्र लिहिण्याच्या कितीतरी आधीचा हा उल्लेख आहे. आधुनिक काळात याला रूपकाचा अर्थ देण्यात आला. अभंग लोकांना पाठ होते, कागद बुडाले तरी लोकगंगेत वह्या तरल्या. हा अर्थ सुंदर आहे आणि आज शाळेच्या वर्गापासून व्यासपीठापर्यंत तोच ऐकू येतो. त्याची एक अडचण आहे. अभंग लोकांच्या तोंडी सुरक्षित होते हे तुकारामांना पटलेले असते तर त्यांनी तेरा दिवस अन्नपाणी सोडायचे कारण नव्हते. त्यांना कागद परत हवा होता. देवाच्या आज्ञेने लिहिले की आपल्या मनाने, याचा निकाल त्यांना हवा होता, आणि तो लोकांकडून मिळणारा नव्हता.

इथे 'धरणे' हा शब्द परत पाहावा लागतो. त्या काळी धरणे हा वसुलीचा उपाय होता. कूळ दाद देईना की धनको त्याच्या दारात उपाशी बसे. धनको उपाशी मेला तर पाप कुळाच्या माथी, म्हणून कुळाला हलावेच लागे. ज्याने आपली खते इंद्रायणीत सोडून दिली आणि पुन्हा कोणाच्या दारात वसुलीला बसायचे नाही असे ठरवले, त्याने आयुष्यात एकदाच धरणे धरले ते देवाच्या दारात. या धरण्याला रूपक म्हणावे का? आहार्य आरोपाची अट लावली तर म्हणता येत नाही. तुकाराम खरोखर शिळेवर बसले, खरोखर जेवले नाहीत. रीत सावकारीची होती, कूळ देव होते, आणि तगादा कवितेचा होता. आरोप कशाचा कशावर झाला हे सांगायला जावे तर दोन्ही बाजू खऱ्या निघतात. तुकारामांच्या वहीतले रूपक असे दुहेरी असते, आणि ते उलगडून एका बाजूला ठेवता येत नाही.

ती शिळा देहूत आहे. तिच्याभोवती आता मंदिर उभे आहे. इंद्रायणीकाठच्या गाथा मंदिरात संगमरवरी भिंतींवर सगळी गाथा कोरलेली आहे. अरुण कोलटकरांनी २००३ मध्ये आलेल्या आपल्या कवितासंग्रहाला 'भिजकी वही' हे नाव दिले, आणि त्या नावाखाली जगभरातल्या दुःखी बायका एकत्र आणल्या. दगडावर कोरलेल्या गाथेत शब्द सुटे आहेत, ऱ्हस्वदीर्घ शुद्ध आहेत, प्रत्येक अभंगाची हद्द ठरलेली आहे. तिथे 'वाणी' हा शब्द वाचणाऱ्याला दुकानदार क्वचितच आठवतो. देहूच्या त्या जुन्या वहीत मात्र दोघे एकाच अक्षरात बसलेले आहेत.